खरेदीच्या प्रयोगातला ‘ग्राहक’ नेमका कोण?

दुकानाच्या दारात हाती पडलेले पत्रक, ढकलगाडीवर चिकटवलेली पाटी किंवा मोबाइलच्या पडद्यावर उमटलेली एखादी ओळ ग्राहकाची खरेदी बदलू शकते, असे सांगणारी संशोधने गेल्या दोन दशकांत मोठ्या संख्येने प्रसिद्ध झाली आहेत. त्यांचा आधार घेऊन सरकारे नियम करतात आणि कंपन्या दुकानांची मांडणी ठरवतात. ‘ग्राहक असे वागतात’ हे वाक्य त्यामुळे सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. मात्र हे ग्राहक कोणत्या वयाचे होते, किती शिकलेले होते, त्यांचे उत्पन्न किती होते आणि त्यांत स्त्रिया किती होत्या, याची माहिती शोधनिबंधातल्या एखाद्या कोष्टकात दडून राहते. बातमीच्या मथळ्यापर्यंत ती क्वचितच पोहोचते.

या कोष्टकाकडे केवळ शास्त्रीय उपचार म्हणून पाहता येणार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज वर्तविला होता. घरगुती उपभोग खर्चाच्या २०२२-२३ च्या सरकारी पाहणीनुसार शहरी कुटुंबाच्या एकूण खर्चापैकी १०.६४ टक्के, तर ग्रामीण कुटुंबाच्या खर्चापैकी ९.६२ टक्के वाटा पेये आणि प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांवर जातो. वाणसामानाच्या पिशवीत काय पडते, याचा संबंध थेट सार्वजनिक आरोग्याशी आहे. ती पिशवी बदलण्याचे उपाय कोणावर तपासून पाहिले गेले, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

नव्याण्णव ग्राहकांची गोष्ट

या विषयातील एक बहुचर्चित प्रयोग नेदरलँड्समधील आहे. एस्थर पापिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका किराणा सुपरमार्केटमध्ये येणाऱ्या ग्राहकांना पाककृतीचे पत्रक वाटले. काहींच्या पत्रकात आरोग्य आणि वजन यांची आठवण करून देणारे शब्द होते, तर काहींच्या पत्रकात तसे शब्द नव्हते. खरेदी आटोपल्यावर पावत्यांवरून कोणी किती चटपटीत आणि गोड खाऊ घेतला, हे पाहण्यात आले. लठ्ठपणा विषयाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात २०१४ मध्ये छापून आलेला निष्कर्ष लक्षवेधी होता. आरोग्याची आठवण करून देणारे पत्रक मिळालेल्या अतिवजनाच्या ग्राहकांनी अशा खाऊची खरेदी जवळपास ७५ टक्क्यांनी कमी केली होती.

हा आकडा जगभर फिरला. त्यामागच्या दोन गोष्टी मात्र मागे पडल्या. पहिली म्हणजे हा परिणाम सर्व ग्राहकांत दिसला नव्हता. सामान्य वजनाच्या ग्राहकांच्या खरेदीवर पत्रकाचा असा प्रभाव आढळला नाही. सगळ्यांची एकच सरासरी काढली असती, तर ७५ टक्क्यांचा आकडा कोणाच्या नजरेसही पडला नसता. दुसरी गोष्ट म्हणजे प्रयोगात एकूण ९९ ग्राहक होते. वजनाचे दोन गट आणि पत्रकाचे दोन प्रकार अशी विभागणी केली, तर एकेका गटाच्या वाट्याला सरासरी पंचवीस माणसेही येत नाहीत. एवढ्या लहान गटात पाच-सहा जण वेगळे वागले, तरी टक्केवारी झपाट्याने बदलते.

संशोधकांनी काही लपवले होते, असा याचा अर्थ नाही. निबंधात हे सर्व नमूद आहे. तेथे निष्कर्षाचे मर्मच ‘कोणावर परिणाम झाला’ यात होते. तेवढे वगळून आकडा पुढे गेला की त्याचा अर्थ बदलतो.

पहिली ढकलगाडी आणि पहिले सहभागी

दुकानात ग्राहकाला हलकेच एका दिशेला वळवण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील मेम्फिस येथे क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी १९१६ मध्ये ‘पिग्ली विग्ली’ हे स्वयंसेवा पद्धतीचे दुकान काढले. तोवर दुकानदाराकडे माल मागायचा आणि त्याने तो काढून द्यायचा, हीच रीत होती. ग्राहक स्वतः फळीवरून वस्तू उचलू लागला आणि फळीची उंची, वस्तूची जागा, पाटीवरचे शब्द या सर्वांना व्यापारी मोल आले.

१९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीतील दुकानदार सिल्व्हन गोल्डमन यांनी चाकांची ढकलगाडी आणली. तेव्हा ग्राहकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. गोल्डमन यांनीच पुढे सांगितलेल्या हकिगतीनुसार, पुरुषांना ती ढकलणे कमीपणाचे वाटे, तर तरुण स्त्रियांना ती शोभेशी वाटत नसे. त्यावर त्यांनी वेगवेगळ्या वयाचे स्त्री-पुरुष पगारावर नेमले आणि दुकानात गाड्या ढकलत फिरायला सांगितले. आपल्यासारखे दिसणारे कोणी तरी गाडी वापरत आहे, हे पाहून इतरांनीही ती हाती घेतली. ग्राहक एकजिनसी नसतो आणि प्रत्येक वयाला व लिंगाला वेगळी खूण लागते, हे त्या दुकानदाराला अनुभवाने कळले होते.

या व्यवहारज्ञानाला सैद्धान्तिक बैठक बऱ्याच काळानंतर मिळाली. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांचे ‘नज’ हे पुस्तक २००८ मध्ये आले आणि थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सक्ती न करता, पर्याय न काढून घेता, केवळ मांडणी किंवा सूचना बदलून माणसाला हितकारक निवडीकडे नेता येते, हा त्यांचा विचार. ब्रिटनने २०१० मध्ये त्यासाठी सरकारी पथकच नेमले. स्वस्त, सोपा आणि कोणाला न दुखावणारा हा उपाय धोरणकर्त्यांना भावला, यात नवल नाही. मात्र ज्या माणसांवर तो तपासला गेला, त्यांच्याविषयीचे प्रश्न त्याच सुमारास पुढे येऊ लागले होते.

मूठभरांवरून साऱ्या जगाचा निष्कर्ष

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये सहा प्रमुख मानसशास्त्रीय नियतकालिकांतील निबंध तपासले. त्यांतील ९६ टक्के सहभागी पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील होते आणि एकट्या अमेरिकेचा वाटा ६८ टक्के होता. दोन वर्षांनी जोसेफ हेन्रिक, स्टीव्हन हाइन आणि आरा नोरेन्झायन यांनी याच मुद्द्यावर गाजलेला निबंध लिहिला. पाश्चात्त्य, सुशिक्षित, औद्योगिक, सधन आणि लोकशाही देशांतील माणसे जगाचे प्रातिनिधिक रूप नसून अनेक बाबतींत अपवाद ठरतात, असे त्यांनी दाखवून दिले.

विद्यापीठातील विद्यार्थ्यांवरची भिस्त कमी व्हावी म्हणून संशोधक पुढे इंटरनेटवरील उत्तरदात्यांकडे वळले. ॲमेझॉनने २००५ मध्ये सुरू केलेला ‘मेकॅनिकल टर्क’ हा मंच त्यासाठी सोयीचा ठरला. थोड्या मोबदल्यात तेथे हजारो लोक प्रश्नावल्या भरून देत. न्यूयॉर्क विद्यापीठाचे पानोस इपेरोटिस यांनी २०१० मध्ये या मंचावरील कामगारांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ४७ टक्के अमेरिकी, तर तब्बल ३४ टक्के भारतीय असल्याचे आढळले.

वरवर पाहता भारतीयांना प्रतिनिधित्व मिळाले, असे वाटेल. पण आतील चित्र निराळे होते. अमेरिकी कामगारांत स्त्रियांची संख्या अधिक होती, तर भारतीयांत पुरुष मोठ्या प्रमाणात जास्त होते. त्यातही तरुण, पदवीधर आणि इंग्रजी वाचू शकणाऱ्यांचा भरणा होता. अशा मंचावर ‘वाणसामान घेताना तुम्ही काय निवडाल’ असा प्रश्न विचारला, तर भारताच्या नावावर जे उत्तर नोंदले जाते, ते घरची डाळ-तांदळाची यादी करणाऱ्या बाईचे असण्याची शक्यता कमीच. देशाचे नाव कोष्टकात आले म्हणजे देश आला, असे होत नाही.

वेळ बदलली, माणसेही बदलली

प्रत्यक्ष दुकानात केलेल्या प्रयोगालाही हा धोका चुकत नाही. याचे बोलके उदाहरण कॉर्नेल विद्यापीठातील ब्रायन वॅन्सिंक यांच्या संशोधनात सापडते. भुकेल्या पोटी खरेदीला गेलेला ग्राहक अधिक उष्मांकांचे पदार्थ घेतो, असा त्यांचा आणि एका सहकाऱ्याचा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील दुकानातल्या भागात भूक थेट मोजलेली नव्हती. दुपारच्या जेवणानंतर येणारे ग्राहक पोट भरलेले आणि संध्याकाळी रात्रीच्या जेवणाआधी येणारे भुकेले, असे गृहीत धरले होते.

येथे साधी शंका उपस्थित होते. दुपारी दुकानात कोण येते? निवृत्त मंडळी, घरी लहान मूल असलेले पालक, पाळीचे काम करणारे. संध्याकाळी कोण येते? कचेरीतून घरी परतणारे, वेळेची टंचाई असलेले, तयार पदार्थ उचलून नेणारे. दोन वेळांच्या पावत्यांत फरक दिसला, तर तो भुकेचा की माणसांचा, हे केवळ घड्याळावरून ठरवता येत नाही. पुढे मूळ विदा उपलब्ध होऊ न शकल्याने अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकांनी सप्टेंबर २०१८ मध्ये वॅन्सिंक यांचे सहा निबंध मागे घेतले. त्यांत हाही निबंध होता. वॅन्सिंक यांनी विद्यापीठातील पदाचा राजीनामा दिला. ‘उपाशीपोटी बाजारात जाऊ नका’ हा सल्ला मात्र आजही आरोग्यविषयक सदरांतून बिनदिक्कत दिला जातो.

याच संशोधकाच्या दुसऱ्या निबंधात तर सहभागींचे वयच चुकले होते. लोकप्रिय बाहुल्याचे चित्र चिकटवलेले सफरचंद मुले आवडीने उचलतात, असे सांगणाऱ्या २०१२ मधील या निबंधात मुलांचे वय ८ ते ११ वर्षे दिले होते. प्रत्यक्षात ती ३ ते ५ वर्षांची बालके होती. हा निबंध २०१७ मध्ये मागे घेण्यात आला. तीन वर्षांच्या मुलाला बाहुल्याचे चित्र भुरळ घालते. अकरा वर्षांच्या मुलाला तेच चित्र बालिश वाटू शकते. शाळेच्या उपाहारगृहासाठी योजना आखणाऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने हा फरक किरकोळ नाही. सारी योजनाच त्यावर अवलंबून असते.

प्रयोगशाळेतून बाजारात

सहभागींची संख्या वाढली आणि ते सर्व थरांतून आले की काय होते, याचे उत्तर स्टेफानो डेलाव्हिन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी २०२२ मध्ये दिले. खरेदीपुरते मर्यादित न राहता त्यांनी सर्वच प्रकारच्या ‘नज’ प्रयोगांची तुलना केली. विद्यापीठीय नियतकालिकांत छापलेल्या प्रयोगांत अशा सूचनांमुळे सरासरी ८.७ टक्के-बिंदूंची वाढ दिसत होती. अमेरिकेतील दोन मोठ्या पथकांनी सरकारी यंत्रणांसाठी केलेल्या १२६ प्रयोगांत ती अवघी १.४ टक्के-बिंदू निघाली. या दुसऱ्या गटात २ कोटी ३० लाखांहून अधिक लोक समाविष्ट होते.

या तफावतीचे मोठे कारण म्हणजे यशस्वी ठरलेले लहान प्रयोगच छापले जाण्याची प्रवृत्ती, असे लेखकद्वयीचे म्हणणे आहे. शंभर माणसांच्या प्रयोगात योगायोगाने मोठा परिणाम दिसला, तर तो छापला जातो. परिणाम दिसला नाही, तर निबंध कपाटात राहतो. सूचनांचा उपयोग होतच नाही, असा निष्कर्ष यातून काढणे योग्य ठरणार नाही. लाखो लोकांत १.४ टक्के-बिंदूंचा फरकही मोलाचा असतो. पण जादूची अपेक्षा ठेवून कर, अनुदान किंवा कायदा यांसारखे उपाय बाजूला ठेवणे महागात पडू शकते.

सहभागींची निवड विचारपूर्वक केलेलीही उदाहरणे आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११-१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील हॅम्पडेन परगण्यात एक प्रयोग केला. सरकारी अन्नसाहाय्य घेणाऱ्या सुमारे ५५ हजार कुटुंबांतून ७,५०० कुटुंबे चिठ्ठी टाकावी तशी निवडली. त्यांनी अन्नसाहाय्याच्या पैशातून ठरावीक फळे-भाज्यांवर एक डॉलर खर्च केला की ३० सेंट परत मिळत. या कुटुंबांतील प्रौढांच्या आहारातील त्या फळे-भाज्यांचे प्रमाण इतरांच्या तुलनेत २६ टक्क्यांनी अधिक निघाले. हा परगणा निवडण्यात मर्म होते. तेथे स्प्रिंगफील्ड, होल्योक यांसारखी गरिबीने ग्रासलेली शहरे असून प्यूर्टो रिको वंशाची मोठी वस्ती आहे. ज्यांच्यासाठी योजना आखायची, तेच प्रयोगात होते. त्यामुळे निष्कर्ष लावताना दुसऱ्या कोणाच्या वागण्यावरून अंदाज बांधावा लागला नाही.

ब्रिटनमध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘आइसलँड’ या स्वस्त दरांच्या दुकानसाखळीत फळे-भाज्या प्रवेशद्वाराजवळ आणून आणि गल्ल्याजवळची मिठाई हटवून पाहिली. अभ्यासासाठी त्यांनी दुकानाचे ग्राहककार्ड असलेल्या स्त्रियांची निवड केली होती. घरातल्या खरेदीचा मोठा भार त्यांच्यावर असतो आणि त्यांच्या निवडीचा परिणाम साऱ्या कुटुंबाच्या ताटावर होतो, हे त्यामागचे कारण. पुढे १ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये २,००० चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत साखर, मीठ व स्निग्धांश जास्त असलेले पदार्थ प्रवेशद्वार, रांगांची टोके आणि गल्ला येथे ठेवण्यावर निर्बंध आले. तरीही एक मर्यादा उरते. कार्ड असलेला ग्राहक म्हणजे नियमित येणारा, आपला तपशील दुकानाला देण्यास राजी असलेला ग्राहक. रोख पैसे देऊन आज या, तर उद्या त्या दुकानात जाणारा गरीब ग्राहक अशा नोंदीत येत नाही.

आपल्याकडे वाणीच सूचना देतो

भारतातील ग्राहकाचा विचार करताना तर पाश्चात्त्य प्रयोगांचे मूळ गृहीतकच तपासावे लागते. ते सारे प्रयोग ग्राहक स्वतः फळीवरून वस्तू उचलतो, असे धरून रचलेले आहेत. आपल्याकडे आजही खरेदीचा मोठा भाग गल्लीतल्या किराणा दुकानातून होतो. ग्राहक आणि माल यांच्यामध्ये फळकुट असते, त्यापलीकडे वाणी असतो. ‘हे नवीन आलंय, घेऊन बघा’ ही त्याची सूचना असते. खाते कोणाचे, उधारी किती आणि घरात माणसे किती, हे त्याला ठाऊक असते. प्रवेशद्वाराजवळ भाज्या ठेवण्याचा इंग्रजी उपाय येथे जसाच्या तसा लावायचा म्हटले, तर ठेवायचे कोठे, येथूनच अडचण सुरू होते.

खरेदी करणारी व्यक्ती कोण, याचे उत्तरही सरळ नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातील बिनमोल कामांत सहभागी होणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर पुरुष ८८ मिनिटे देतात. घरासाठीची खरेदी याच कामांत मोडते. मात्र अनेक घरांत यादी एकाची, पिशवी दुसऱ्याची आणि पैसे तिसऱ्याचे असतात. पाकिटावरची सूचना बाजारात गेलेल्या मुलाने वाचली आणि निर्णय सासूबाईंनी आधीच दिला असेल, तर प्रयोगात ‘सहभागी’ कोणाला म्हणायचे? एका व्यक्तीला एक ग्राहक मानणाऱ्या प्रश्नावलीत या घराला जागा नाही.

उत्तरदाते इंटरनेटवरून गोळा केले, तर हा तोल आणखी बिघडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत ५७.१ टक्के पुरुषांनी इंटरनेट कधी ना कधी वापरल्याचे सांगितले होते. स्त्रियांत हे प्रमाण ३३.३ टक्के होते. त्यानंतर मोबाइलचा प्रसार वाढला असला, तरी ज्या घटकाच्या हाती स्वयंपाकघर आहे, तोच घटक इंटरनेटवरील पाहण्यांत मागे राहण्याचा धोका संपलेला नाही.

तारे हवेत की इशारा?

या प्रश्नाची निकड पाकिटबंद पदार्थांवरील खुणेच्या वादात दिसून येते. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये पाकिटाच्या दर्शनी भागावर अर्धा ते पाच तारे देण्याचा मसुदा जाहीर केला. अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेने सुमारे २० हजार लोकांची जी पाहणी केली होती, तिचा आधार या निवडीला होता. सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील अनेक संघटनांनी तारांकनाला विरोध केला आणि ‘साखर जास्त’, ‘मीठ जास्त’ असा थेट इशारा देण्याची मागणी केली.

त्याच वर्षी मुंबईत देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या संशोधकांचा सहभाग असलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात सहा राज्यांतील १८ ते ६० वयोगटातील २,८६९ प्रौढांना समक्ष भेटून वेगवेगळ्या खुणा असलेली पाकिटे दाखवण्यात आली. कोणती खूण कोणाला दाखवायची, हे यादृच्छिक पद्धतीने ठरले होते. पोषणाची खूण नसलेल्या गटातील ३९.१ टक्के लोकांनी साखर, मीठ वा स्निग्धांश जास्त असलेली सर्व उत्पादने अचूक ओळखली. इशाऱ्याची खूण पाहणाऱ्यांत हे प्रमाण ६०.८ टक्क्यांवर गेले. तारांकन पाहणाऱ्यांत ते ४५ टक्के राहिले. एक बाब प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. कोणत्याही खुणेमुळे ती वस्तू विकत घेण्याचा इरादा कमी झाल्याचे या प्रयोगात आढळले नाही. ओळखणे आणि न घेणे यांत अंतर असते.

दोन्ही अभ्यास भारतीयांवरच झाले. पहिल्यात लोकांची संख्या सातपट होती. मात्र संख्या मोठी असणे आणि प्रश्न योग्य असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लोकांना कोणती खूण सोपी किंवा विश्वासार्ह वाटते आणि कोणती खूण पाहून त्यांना घातक पदार्थ ओळखता येतो, या प्रश्नांची उत्तरे एकच असतील असे नाही. त्यातही वाचता येणारे आणि न येणारे, शहरी आणि ग्रामीण, पाकिटबंद पदार्थ रोज घेणारे आणि सणासुदीला घेणारे यांची उत्तरे वेगळी काढून पाहिल्याशिवाय धोरणाला पक्का पाया मिळत नाही.

महाराष्ट्रापुरते पाहिले, तर २०११ च्या जनगणनेत सात वर्षांवरील स्त्रियांची साक्षरता सुमारे ७६ टक्के होती. म्हणजे दर चार स्त्रियांमागे एकीला पाकिटावरचा मजकूर वाचता येत नव्हता. ज्यांना येतो, त्यांच्यासाठीही अन्नपदार्थाच्या पाकिटावरील तपशील इंग्रजी किंवा हिंदीत असला तरी नियमाची पूर्तता होते. मराठी मजकूर बंधनकारक नाही. शब्दांवर विसंबणारी कोणतीही सूचना सुशिक्षितांवर तपासून यशस्वी ठरवली, तर जिला तिची सर्वाधिक गरज आहे, तीच ग्राहक हिशेबाबाहेर राहते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये या विषयावरील याचिका निकाली काढताना तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी देण्यास सांगितले होते. अशा शिफारशींचे वजन ठरवताना त्यांच्यामागील पाहण्यांत कोण होते, हे पाहणे अगत्याचे आहे.

ज्यांना माहीत आहे, ते सांगत नाहीत

सर्वांत मोठे प्रयोग आता विद्यापीठांत होत नाहीत. ते घरपोच किराणा पोहोचवणाऱ्या ॲपवर होतात. ‘फक्त दोनच शिल्लक’, ‘आणखी ४९ रुपयांची खरेदी करा आणि पोहोच मोफत मिळवा’, ‘हे विसरलात का?’ अशा ओळी एका गटाला दाखवायच्या, दुसऱ्याला नाही आणि कोणाची टोपली जास्त भरते ते पाहायचे, ही पद्धत या उद्योगात सर्वमान्य आहे. यातील सहभागीला आपण सहभागी आहोत, याची कल्पना नसते. त्याचा पत्ता, खरेदीची वेळ, सवयी आणि पैसे देण्याची रीत कंपनीला ठाऊक असते. विद्यापीठातील संशोधकाला जे कोष्टक महत्प्रयासाने भरावे लागते, ते येथे आपोआप भरलेले असते. पण ते प्रसिद्ध होत नाही.

केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीच्या प्रकारांवर मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांत खोटी घाई दाखवणे, टोपलीत परस्पर वस्तू टाकणे, नकार देणाऱ्याला लाजवणे अशा १३ प्रकारांचा समावेश आहे. जून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करण्यास सांगितले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. तरीही एक उणीव राहते. या सूचनांना कोणता वयोगट अधिक बळी पडतो, नव्याने स्मार्टफोन हाती आलेल्या वृद्धांवर त्यांचा काय परिणाम होतो, महिनाअखेरीस हात आखडलेल्या कुटुंबाचा खर्च त्यांनी किती वाढतो, याची माहिती कंपनीपाशीच राहते. स्वतपासणीचा अहवाल देताना सहभागींची अशी वर्गवारीही मागितली, तर नियमाला धार येईल.

वाचकाने काय विचारावे?

‘संशोधनाअंती सिद्ध झाले’ असे वाक्य यापुढे वाचनात आले, की काही साधे प्रश्न विचारण्यास हरकत नाही. सहभागी किती होते आणि गट पाडल्यावर प्रत्येक गटात किती उरले? ते कोणत्या देशातले, कोणत्या भाषेत वाचणारे होते? घरची खरेदी तेच करतात का? त्यांना दुकानात गाठले, इंटरनेटवर की कार्डाच्या नोंदीतून, आणि त्यामुळे कोण सुटले? खरेदी प्रत्यक्ष पावतीवरून मोजली की ‘घ्याल का?’ या प्रश्नाच्या उत्तरावरून? शेवटी, परिणाम सर्वांवर दिसला की एखाद्याच गटावर?

या प्रश्नांसाठी संख्याशास्त्राचे शिक्षण लागत नाही. बाजारात भाव विचारताना जी चौकस वृत्ती असते, तेवढी पुरे. संशोधकांनी सहभागींचे कोष्टक निबंधाच्या पोटात न ठेवता सारांशात आणावे, वृत्तपत्रांनी आकड्यासोबत त्यातील माणसांची ओळख द्यावी आणि नियम करणाऱ्यांनी ‘कोणावर तपासले?’ याचे उत्तर मिळाल्याशिवाय शिक्कामोर्तब करू नये, एवढी अपेक्षा रास्त ठरावी. डच सुपरमार्केटमधील ९९ ग्राहकांनी विज्ञानाला एक उपयुक्त धागा दिला. मात्र त्या धाग्यावरून जळगावच्या किंवा गडचिरोलीच्या गृहिणीची पिशवी विणायची असेल, तर आधी तिला प्रयोगात बोलवावे लागेल.